पाठ तापल्यावर

उपकेंद्राच्या ग्रंथालयात खिडकीपाशी एकच संगणक,
त्याच्या कीबोर्डवरचा 'म' झिजून गेलेला.
मी टाकलं : मतलई.
शून्य नोंदी आढळल्या.
टाकलं : वारा.
चारशे बारा.
बहुतेक कवितासंग्रह.

माझा विषय असा, की रत्नागिरीपासून हर्णैपर्यंत
तांडेल लोक वाऱ्याला काय काय म्हणायचे
आणि इंजिन आल्यावर
काय काय म्हणायचं सोडून दिलं.
मार्गदर्शक म्हणाले, संदर्भ कुठायत?
म्हटलं, घरी आहेत, जाळं सांधतायत.
ते हसले नाहीत.

सोलकर मॅडम ऐकत होत्या.
डांबरगोळ्यांचा वास, पावसात फुगलेली पुस्तकं
दिवाळी उलटली तरी पुरती बसलेली नव्हती.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"तू तुझ्या शब्दाने शोधतेयस.
ज्याने लिहिलं त्याला तुझा शब्द माहीत नसणार.
तो कचेरीत बसायचा.
तो याला काय म्हणाला असेल, ते टाक."

मग दुपारभर मी
कचेरीत बसलेला माणूस झाले.
बंदर खातं. जकात. हवामान. देशी जहाजं.
किरकोळ.
किरकोळमध्ये सापडलं :
किनाऱ्यावरील नौकानयनाबाबत काही टिपणे,
एकच प्रत, मुंबईला, तळघरात.
अर्ज तीन प्रतींत, देवघेव विभागाचा शिक्का,
आणि बावीस दिवस.
मी दारात दिसले की मॅडम मान हलवायच्या,
आज मासळी नाही हे जेटीवरून
लांबूनच सांगतात ना, तशी.

तेविसाव्या दिवशी एसटीच्या पार्सलातून
घवाळी शिपाई घेऊन आला,
सुतळीने बांधलेलं, वहीएवढं.
पान एकेचाळीस :
'रात्री जमिनीकडून वाहणारा हा वारा
सूर्योदयाबरोबर पडतो.'
मतलई हा शब्द कुठेच नाही.
आणि समासात, शिसपेनने, मुंगीएवढ्या अक्षरांत :
'सूर्योदयाला नव्हे. पाठ तापल्यावर.'

पुस्तक बाहेर न्यायची परवानगी नव्हती.
दोन्ही ओळी तळहातावर लिहून
मी मिरकरवाड्याला आले.
बाबा होडीच्या तळाचं शेवाळ खरवडत होते.
"कुनी लिवलान ह्ये?"
माहीत नाही.
"पुस्तकवाला चुकला.
वारा काय सूर्याला इचारून पडतो?
ह्यो दुसरा मात्र दर्यात गेलेला हाय.
शिडाच्या होडीत बसलेला हाय."
मग माझा हात ओढून पुन्हा वाचलं,
एकेक अक्षर,
घामाने पुसट होत चाललेलं,
आणि खरवडणी हातात तशीच धरून
ते बराच वेळ पूर्वेकडे तोंड करून बसले.

पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावर
एकच तारीख : ९ फेब्रुवारी १९६८.
सभासद क्रमांक ३१७.
छप्पन्न वर्षांत आम्ही दोघंच.

मार्गदर्शक म्हणाले,
समासातलं तळटीपेत चालत नाही.
"चालतं," सोलकर मॅडम म्हणाल्या,
"कसं घालायचं ते शोधावं लागतं, इतकंच,"
आणि नवा अर्ज पुढे सरकवला,
जुन्या सभासद नोंदवहीसाठी,
असलीच तर, वाळवीने ठेवली असलीच तर.

विषय : वाऱ्याची नावं.
हवं असलेलं साहित्य : नोंदवही, १९६८.
'लेखक'च्या रकान्यात काही सुचेना,
मी लिहिलं : पाठ तापलेला कोणीतरी.
मॅडमनी वाचलं. लाल पेन उघडलं.
"रकाना लहान आहे गं,"
असं म्हणून ते खोडलं,
वर 'अज्ञात' लिहिलं,
शिक्का मारला, पाकीट चिकटवलं
आणि घवाळीला हाक मारली,
चारचं टपाल निघायच्या आत.