भाव

त्या दोन-तीन वर्षांत हिंगणघाटला
कापसाचा भाव पावसावर ठरत नव्हता.
समुद्रापलीकडचा एक सेनापती
नदी ओलांडायला कचरला
की इथे खंडीमागे वीस रुपये चढत.

नथमल अडत्या कागद वाचून सांगे:
राज्यप्रमुखाने पुन्हा सेनापती बदलला.
अजून वर्षभर तरी चालेल,
देवाची कृपा.

व्यंकटराव मालगुजाराने
बंडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या.
वणेच्या काठचा काळा चिखल
त्यांच्यावरून रोज पुसायचा उकंडा,
बापाच्या लग्नाचे चाळीस रुपये
अजून अंगावर असलेला सालदार.

"थे लढाई कायची व्हय, मालक?"

अडकित्त्यात सुपारी होती.
"तिकडे माणसं विकत घेतात, कापूस वेचायला.
एक म्हणतो सोडा,
दुसरा म्हणतो, मग वेचणार कोण?"

"सोडा म्हनते, थो कसा हाय?"

सुपारी कातरली गेली.
मालगुजार आत गेले.

वैशाख सरताना मुंबईहून खबर आली.
सरकीच्या ढिगावर बसून नथमल
नुसतेच आकडे खोडत राहिला.
बाजारातून परतताना कुणी बोललं नाही,
बैलांच्या घुंगरांशिवाय.

वेशीपाशी उकंडाने विचारलंच,
"कोन जितलं, मालक?"

"आपण हरलो."

रात्री त्याने बैल सोडले.
एक पट्टी निखळून लोंबत होती,
ती ठोकायला त्याने दगड उचलला.

आपण.
हा शब्द त्याला आजवर
कुणी दिला नव्हता.

दगड हातात धरून
तो बराच वेळ
चाकासमोर उकिडवा बसून राहिला.