हात लावू नकोस

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये नऊ म्हातारे जमतात.
त्यातला तरुण म्हणजे क्लाइव्ह, वय एकसष्ट.
दारावर पाटी: नव्या सभासदांचे स्वागत.
चिकटपट्टी दरवर्षी बदलतात,
पाटी तीच.

चहा होतो, आणि मग तोच विषय:
पोरं का येत नाहीत?
फोन, म्हणतो एक.
किमती, म्हणतो दुसरा; एका विमानाच्या खोक्यात
आठवड्याचा किराणा येतो.
शाळेतून सुतारकाम गेलं, पोरांची बैठक मोडली,
अठराच्या आतल्याला दुकानदार गोंद देत नाही.
सगळं खरंच आहे.
मी कप विसळत ऐकते.
आणखी एक खरं आहे, ते कुणी काढत नाही:
या संडरलंडला नदीकाठी जहाजं बांधायचे, तेव्हा
पोरगं शाळेतून येताना मान वर करून बघायचं
आणि घरी येऊन तेच काडेपेटीएवढं करायचं.
आता नदीवर बघायला आहे काय?
पाणी.
पाण्याची छोटी प्रतिकृती कशी करणार?

माझे वडील, ॲल्विन थर्लवेल, यार्डात प्लेटर.
दिवसभर वीस फुटी पत्रे वाकवायचे,
रात्री चिमट्यानं केसाएवढ्या दोऱ्या ओवायचे.
मधल्या खोलीचं दार लोटलेलं.
फटीतून दिव्याचा पिवळा पट्टा दिसायचा,
रंगाचा, टर्पेंटाइनचा वास यायचा,
आणि माझ्या पावलाची चाहूल लागताच आतून आवाज:
हात लावू नकोस हं.
रागानं नाही.
झोपलेल्या बाळाजवळ सांगावं, तसं.

माझा कॅलम नऊ वर्षांचा असताना
एकदा आत गेला. डोलकाठी मोडली.
आजोबा काही बोलले नाहीत.
त्याच्या हातातून तुकडा घेतला
आणि असा सांधला, की मोडल्याची खूणही उरली नाही.
अर्धा तास कॅलम शेजारी उभा होता.
परत कधी गेला नाही.

परवा फोनवर विचारलं,
तुला करावंसं वाटतं का रे असलं काही?
लीड्सला असतो, चौघांत एक फ्लॅट.
"टेबल कुठंय, आई?"
मग थोडं थांबून,
"असतं तरी, ते चांगलंच व्हावं लागतं ना."

वडील गेल्यावर माळा उपसला.
त्रेसष्ट खोकी, सील न फोडलेली.
निवृत्तीनंतर करीन म्हणून घेतलेली,
मग निवृत्तीनंतरही घेतच राहिलेली.
पोरं सुरुवात करत नाहीत म्हणून
मंगळवार मंगळवार हळहळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर
न केलेल्या सुरुवातींची एवढी मोठी चळत.

एक उघडलं. मासेमारीची बोट, त्यातली स्वस्त.
किचनच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
भाग पिरगाळून तोडले,
सुरीनं कापायचे असतात हे माहीत असून.
गोंद जास्त झाला. केबिनच्या काचेवर
माझा अंगठा उमटला,
रेषांसकट, कायमचा.
बावन्न वर्षांचा अंगठा.

मंगळवारी ती बोट पिशवीतून काढून
कपांच्या मध्ये ठेवली.
नऊ चष्मे कपाळावरून खाली आले.
कुणी बोलेना.
क्लाइव्हचा हात पुढे झाला,
गोंदाचा ओघळ नखानं खरवडायला,
बोटीपासून वीतभर अलीकडे थबकला
आणि खिशात गेला.

"कुणी केली?"
मी सांगितलं.
खुर्ची ओढताना कुणाचा तरी पाय टेबलाला लागला,
बोट हलली,
आणि नऊच्या नऊ जण
एकदम ओरडले:
अरे, सांभाळून!