शिंक

वखारीत हळदीची पोती रिकामी होतात तेव्हा
उन्हाच्या तिरिपेत पिवळा धुरळा उठतो
आणि सगळे शिंकतात.
हमाल शिंकतात मोकळ्यानं, पत्रा हलेल अशी.
आम्ही बाया आधी मांडीवर मांडी आवळतो,
भिंतीला हात लावतो,
मग शिंकतो
चिमणीएवढी.

बावीस वर्षं सांगलीच्या यार्डात हेच बघितलं.
वाटायचं, बायांची शिंकायची रीतच ही.

पिवळ्यावर पिवळं दिसत नाही,
एवढा एक उपकार हळदीचा.
वासही तीच झाकते,
असं आपलं धरून चालायचं.

मी पाणी तोडलं.
सकाळी अर्धा कप चहा, मग थेट घरी गेल्यावर.
भाचीच्या लग्नाला विट्याला गेले नाही,
पाय दुखतोय म्हणाले.
एवढा दुखणारा पाय मला कधीच नव्हता.

थोरल्या दोघींच्या वेळी काही नाही.
तिसरा साडेचार किलोचा,
आणि चाळिसाव्या दिवशी माझ्या डोक्यावर पाटी.
सासूबाई म्हणाल्या, बाईचं असंच.
असंच म्हणत त्याही गेल्या,
अंथरुणात जुन्या लुगड्याची घडी ठेवून.

मग एकदा रशिदा हसली.
तोलाईदाराच्या मिशीवरनं काहीतरी निघालं होतं.
हसता हसता थांबली, खाली बघितलं,
म्हणाली, "गेलं बाई."
सात जणी गप्प.
मग पदमल म्हणाली, "माझं पण जातं."

सिव्हिलमधल्या चौगुले मॅडम माझ्या लेकीएवढ्या.
कागदावर वाटीसारखं काहीतरी काढलं.
ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते मावशी,
लघवीची पिशवी तिच्यावर टेकलेली.
बाळंतपणं, ओझी, जुना खोकला,
झोळी सैल पडते.
मी म्हणलं, पेवाच्या तळासारखं?
त्यांना पेव माहीत नव्हतं.
मग मीच सांगत बसले,
हरिपुरात आजा जमिनीत कशी हळद भरायचा,
आत पाला, तोंडावर माती,
वर्षानुवर्षं टिकायची,
पण तळानं ओल धरली की संपलं.
मॅडम म्हणाल्या, फरक एवढाच,
हा तळ पुन्हा घट्ट होतो.

लघवी आवरताना जे आत ओढतो, नेमकं तेवढंच.
ढुंगण नाही, पोट नाही, श्वास चालू.
पाचापर्यंत धरायचं, मग सोडायचं.
सोडणं मला जड गेलं.
बावीस वर्षांत सोडून कधी बघितलं होतं?

चुलीपुढं करते, बसच्या रांगेत करते,
मुकादम हजेरी घेताना नेमकं माझ्या नावाला करते.
चेहऱ्यावर काही येत नाही.

दोन महिने झाले.
मॅडम म्हणतात अजून एक तरी लागेल.
जड पोतं ओढलं तर अजून चुकतं.
पण पाणी पिते, तांब्याभर, सगळ्यांदेखत.

काल धुरळा उठला,
नाकात सळसळलं,
मी आधी आत ओढलं
आणि शिंकले.
पलीकडच्या थप्पीवरनं
मांजर उठून गेलं.