कर्ता

एकोणीस वर्षं मी जिल्हा परिषदेची इतिवृत्तं लिहितो आहे.
मलावी सरोवराकडे उघडणारी खिडकी, तिच्याखाली माझं टेबल.
वारा सुटला की कागदांना
वाळत्या उसिपा मासळीचा वास लागतो.

माझ्या हातात एक कसब आहे, कुणालाही विचारा.
कितीही आरडाओरडा होवो,
माझ्या वहीत तो अंघोळ करून उतरतो :
चर्चा करण्यात आली. खेद व्यक्त करण्यात आला.
पुढील कार्यवाही करण्यात येईल.
एकाही वाक्याला कर्ता नाही.
कर्त्यांना मी चहा पाजून
मागच्या दाराने सोडून येतो.

मार्चच्या सभेत विषय क्रमांक सात :
महिला व मुलींचे एचआयव्हीपासून संरक्षण.
सहावा रस्त्यांचा, आठवा जेवणाचा.

फालेसी उठली. धक्क्यावर मासळी विकते ती.
हातात शाळेची वही, कोपरे तेलकट.
म्हणाली, मुलीचं नाव मी सांगणार नाही. तुमची सांगेन.
मध्ये कुणी खोकू नका.

नोव्हेंबर. शुक्रवार, रात्री नऊ.
मुलगी पाणी घेऊन परतत होती. वय चौदा. दोघे होते.

पुढची ओळ वहीत कोरी होती.
तीही तिने वाचली, गप्प राहून.

शनिवार, सकाळी सहा. दवाखान्याला कुलूप.
पहारेकरी म्हणाला, सोमवारी या. तास नऊ.
रविवार, सकाळी सहा. तेच कुलूप. तास तेहेतीस.
सोमवार, आठ. कुलूप निघालं. गोळ्या कपाटात आहेत,
काचेतून डबी दिसते. किल्ली मॅडमकडे.
मॅडम सरोवरकाठच्या हॉटेलात, प्रशिक्षणाला.
तास एकोणसाठ.

प्रशिक्षण कशाचं, कुणीतरी विचारलं.
फालेसीने मान वर केली : महिला व मुलींच्या संरक्षणाचं.

मागे एकजण हसला,
आणि ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

मंगळवार, सकाळी दहा. किल्ली आली.
गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या असतात.
तास पंच्याऐंशी.

फेब्रुवारी. रक्त तपासलं.

इथे तिने वही मिटली.

मी लिहिलं :
औषधवितरणात काहीसा विलंब झाल्याचे
सभेच्या निदर्शनास आणून देण्यात आले.
वाक्य चांगलं होतं. खवले काढलेल्या माशासारखं,
कुठूनही पकडा, सटकणार.

एप्रिल. विषय क्रमांक एक :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
माश्या हाकलाव्यात तसे हात वर होऊ लागले.

कायम नाही, फालेसी म्हणाली.

तिच्या बाकावर अकरा बायका, कमरेला चितेंजे आवळलेल्या,
आणि कडेला गणवेशातली एक मुलगी.
ती तीच होती का, कुणी विचारलं नाही.
विचारायचा हक्क आमच्यातल्या कुणाला नव्हता.

मुलगी माझ्याकडे बघून बोलली, हळू :
काका, विलंब झाला म्हणजे कुणी केला?
शाळेत विचारतात, वाक्यातला कर्ता ओळखा.
यात तर कुणीच नाहीये.

घरोघरी कर्ते पुरुष आहेत आमच्याकडे.
सभागृहात त्या दिवशी बावीस होते.
सगळे पंख्याकडे बघत होते,
आणि पंखा बंद होता.

अध्यक्ष म्हणाले, लॅक्सन, भाषेचं तेवढं बघून घे.

मी भाषेचं बघितलं.
खोडलं, आणि लिहिलं :
परिषदेने दवाखाना दोन दिवस बंद ठेवला.
परिषदेने कपाटाची एकच किल्ली केली.
परिषदेने एका मुलीला पंच्याऐंशी तास थांबवलं.
खाली बावीस नावं. अक्षर जरा हललं, वाचता येतं पण.

तेव्हापासून तो कागद टेबलावर आहे,
उडू नये म्हणून वर सरोवरातला एक गोटा.
खाली अध्यक्षांच्या सहीची जागा.

टोपली डोक्यावर घेऊन जाताना फालेसी
खिडकीत डोकावते. विचारते, सही झाली?

नाही झाली अजून, मी म्हणतो.
ती हलत नाही. टोपलीतून पाणी ठिबकत राहतं.

मग मी वाक्य दुरुस्त करतो :
त्यांनी केली नाही.