ङ

आपल्या मुळाक्षरांत एक ङ आहे.
वाङ्मयात त्याला कशीबशी नोकरी मिळाली,
एरवी तक्त्यावर बसून असतो.
पोरं त्याला ड समजून पुढे जातात.

मलावीच्या उत्तरेला, रुम्फीच्या जिल्हा रुग्णालयात
त्याच आवाजाने माणसांची आडनावं सुरू होतात.
ङोमा. म्हणजे ढोल.
ते लिहितात एन, जी,
आणि मग ओळीच्या वर टांगलेली एक खूण,
तांदळातल्या खड्याएवढी.

नोंदणीच्या खिडकीतला जुना प्रोग्राम
त्या खड्यावर दात मोडून घ्यायचा.
खूण दिसली की त्याला वाटे, नाव संपलं.
पडदा पांढरा. रांग तशीच उभी.
"खूण गाळा," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला.
चावनांग्वाने सहा वर्षं खूण गाळली.
ढोलांची कातडी सैल पडली.
एस्नार्ट ङोमा आणि एस्नार्ट न्गोमा
एकाच फाइलीत संसार करू लागल्या,
एक गरोदर, एक केव्हाच वारलेली,
आणि तपासणीची तारीख निघे ती वारलेलीच्या गावी.

तक्रार केली. सुबक उत्तर आलं:
विनंती नोंदवली आहे, पुढच्या आवृत्तीत विचार होईल.
सोबत यंदाच्या परवान्याचं बिल.
आत काय बिघडलंय ते आम्ही बघू का?
बघणं करारात बसत नाही.

मग नवा आला, मुक्त स्रोत म्हणतात तो.
मेट्रन न्यौहांगोंनी चष्मा पुसत विचारलं,
"फुकटचं ना? मग याला वाली कोण?"
प्रश्न रास्त होता.
नवाही त्याच खड्यावर अडखळला,
पहिल्याच सोमवारी, साडेनऊला.

पण याच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं.
कुणीही आत जावं, झाकण उचलावं,
मीठ कुणी किती घातलंय ते बघावं.
चावनांग्वा संध्याकाळी बसायची,
जनरेटर बंद होईपर्यंत,
परक्या माणसांनी लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवत,
लहानपणी वाचायला शिकली तशी.
एका ओळीशी बोट थांबलं.
तिने ती बदलली.
नाव शाबूत राहिलं, पण तारखा उलट्या झाल्या,
एक बाळ पुढच्या वर्षी जन्मलं.
तिने ओळ परत फिरवली. शिव्या दिल्या, तुंबुकात.
तिसऱ्या आठवड्यात जमलं.

दुरुस्ती तिने सगळ्यांसाठी ठेवून दिली,
शेजारणीला वाटीभर विरजण द्यावं तशी:
दिल्याने आपलं दही कमी होत नाही.
चौथ्या दिवशी युक्रेनमधून, तेर्नोपिलहून निरोप,
तिथल्या दवाखान्यातली सोलोमिया नावाची कारकून:
आमच्या लुक्यानेंकोंच्या नावातही हीच खूण आहे,
आम्हीही गाळत होतो.
तुमची ओळ लावली. एक कंस सुटला होता, तो घातलाय.
चावनांग्वा बराच वेळ त्या कंसाकडे बघत राहिली.
आपली चूक इतक्या लांब जाऊन
कुणीतरी धुऊन, घडी घालून परत पाठवलेली.

आता खिडकीशी म्हातारी ङोमा येते,
खोकला, आणि नातवाचं कार्ड.
तिला यातलं काही ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही.
नाव सांगते. पडद्यावर ढोल वाजतो.
पुढचा.

हिशेबनीस मात्र अजून डोकं खाजवतोय.
परवान्याच्या रकान्यात शून्य लिहिताना
त्याचा चेहरा सणासारखा उजळला होता.
चावनांग्वाने शेजारी नवा रकाना आखला, देखभाल,
आणि त्यात स्वतःच्या संध्याकाळींची संख्या मांडली.
"पण ते तर फुकट आहे," तो म्हणाला.
"मोकळं आहे," ती म्हणाली. "फुकट नाही."
तिच्या नावाचा अर्थच मोकळीक.
पगारात ती अजून उतरलेली नाही.
कागद लिलाँग्वेला गेलाय, सहीसाठी.
रकाना तिथे बसून आहे,
तक्त्यावरच्या ङ सारखा.