माशी

पुण्याहून पार्सल आलं, काडेपेटीएवढं.
आत कापसात गुंडाळलेली एअर रायफलची नवी माशी:
नखाएवढी, काळी, मधोमध बारीक खांब.
"एवढ्याशाला नऊशे रुपये?" हिची आई म्हणाली
आणि मेथी निवडायला बसली.

माझं टेबल म्हणजे भंगारात निघालेल्या एसटीचा दरवाजा,
खाली चार अँगल वेल्ड केलेले.
व्हाइसच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे,
नळीवर चरा उठू नये म्हणून.
आत छर्रा नाही ना, दोनदा पाहिलं.
वैजयंतीनं तिसऱ्यांदा पाहिलं. बरं केलं.

जुनी माशी उजवीकडं कलली ती अंबड रोडवर,
मोटारसायकल खड्ड्यात आदळली तेव्हा.
तेव्हापासून पोरीचे सगळे छर्रे डावीकडं,
साताच्या, आठाच्या घरात.
सर म्हणाले, श्वास चुकायलाय.
आई म्हणाली, पोटभर जेवत नाही.
मी म्हणालो, दहावीचं टेन्शन.
कुठं माशी शिंकली
ते माशीला कुणी विचारलंच नाही.

इलियास मिस्त्रींचा पितळी पंच काढला.
वर्कशॉपात ते म्हणायचे,
लोखंडाशी लोखंडानं बोलू नका,
मधी पितळ घाला, मार ते खातं.
खाऊन खाऊन त्याचं डोकं
झेंडूसारखं पसरलंय.

तेलाचे दोन थेंब. चहा होईस्तोवर थांबलो.
मग टक. टक.
निघाली, किडक्या दाढेसारखी,
आणि खाचेत आमच्याआधीच्या मालकाचाही मळ.
तो सुईनं काढला.

नवी बसेना. केसाएवढी जाड.
बारीक कानस: दोन हात मार, बसवून बघ,
दोन हात मार, बसवून बघ.
घासायची ती माशी, खाच नाही.
खाच ढिली झाली की बंदूक गेली.
एवढ्यात लाइट गेली, म्हणून उरलेलं गच्चीवर.

टाकीपासून कठड्यापर्यंत दहा मीटर, टेपनं मोजलेले.
पलीकडं मोसंबीचं खोकं, रद्दीनं ठासून भरलेलं,
त्यावर कागद.
आधी मी नेम धरला.
दूर रोलिंग मिलचं धुराडं लख्ख,
त्याच्या शिडीच्या पायऱ्याही मोजाव्यात,
आणि हातभर अंतरावरची माशी मात्र
भाताच्या वाफेतून पाहावी तशी.

"उलटं पाहिजे, पप्पा.
माशी चक्क दिसली पाहिजे.
कागद धूसर राहिला तर राहू द्यायचा."

राहू द्यायचा?
मी तर जन्मभर कागदाकडंच बघायलोय.

माझे पाच छर्रे पाच गावांना गेले,
पण सगळे डावीकडं.
पंच लावून माशी उजवीकडं ढकलणार
तेवढ्यात तिनं मनगट धरलं.
"डावीकडं जात असेल तर पुढची माशीपण डावीकडंच."
"चुकीच्याच बाजूला?"
"चुकीच्या मागं मागं जायचं, ती सापडेपर्यंत.
आणि द्या इकडं.
ही तुमच्या डोळ्याची नाही."

मग असं ठरलं, न बोलता:
ती जवळचं बघणार, मी लांबचं.
फट्.
"डावीकडं. चिंचोक्याएवढं."
टक.
फट्.
"हरभऱ्याएवढं."
टक. हातोडीच्या नुसत्या वजनाचं.
फट्.
"जवारीच्या दाण्याएवढं राहिलंय. थांब, अजून एक..."

तिनं बंदूक खाली घेतली,
गालावर लाकडाचा वळ उमटलेला.
"राहू द्या," म्हणाली,
"तेवढं माझं आहे."

खाली मेथीला लसणाची फोडणी बसली.
पंच तेलाच्या फडक्यात गुंडाळला.
जुनी माशी शर्टाच्या खिशातच राहिली,
धुण्यात निघेल.