पान एकतीस, परिच्छेद दुसरा

नारीनच्या शाळेत फेब्रुवारीत
फळ्यालाही थंडी वाजते.
खडू ओढला की किंचाळतो.
मी लिहिते: टॉपिक सेंटेन्स.
खाली रेघ, रेघेखाली अजून एक रेघ,
जणू दोनदा सांगितलं की खरं होतं.

धडा मधमाश्यांचा.
पहिलंच वाक्य छाती काढून उभं:
मधमाश्या फार कष्टाळू असतात.
बाकीची पाच त्याच्यामागे हात बांधून.
सगळ्यांना सापडतं.
एर्मेक मात्र शेवटच्या वाक्याखाली पेन्सिल दाबतो:
हिवाळ्यात त्या एकमेकींना चिकटून बसतात.
चूक, मी म्हणते.
तो म्हणतो, "पण एजेके, लक्षात तर हेच राहतं."

काय सांगू त्याला?
आमच्याकडे कुणी दारात आलं
की आधी घोड्याची चौकशी, मग गवताची,
मग खिंडीत बर्फ किती.
पाव मोडायचा, चहा अर्धीच वाटी ओतायचा,
म्हणजे पाहुणा पुन्हा मागेल, बसेल.
आणि निघताना, टोपी घालता घालता,
तो ज्यासाठी आला होता, ते.
आमचं तर क्रियापदही सगळ्यात शेवटी येतं.
तोवर कळत नाही
मेंढी विकली, की मेली, की सापडली.

इंग्रज बहुधा उंबऱ्यावरच सांगून टाकत असावेत.
परीक्षेत तसंच विचारतात. गुण दोन.

रात्री वह्या घेऊन बसले, शेगडीत कोळसा थोडाच.
विषय: माझी आई. वाक्यं सहा.
सायकालने लिहिलंय:
माझी आई मॉस्कोत असते.
ती एका इमारतीचा जिना धुते.
इमारतीला बावीस मजले आहेत.
आम्ही फोन खिडकीत ठेवतो, तिथे रेंज येते.
धाकटा भाऊ तिला काकू म्हणतो.
रविवारी आम्ही लवकर उठतो.

लाल पेन्सिल पहिल्या वाक्यावर नेली.
नियमाने तेच.
मग तिसऱ्यावर. पाचव्यावर जरा थांबली,
तिथून खाली उतरली,
आणि वहीच्या कोऱ्या भागात, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं,
तिथे टेकून राहिली.

बाहेर कुत्रा भुंकला, गप्प झाला.
कोळसा खचला.

रेघ कुठेच मारली नाही.
बावीस मजल्यांना तिने एकच जिना लिहिला होता,
तेवढं अनेकवचन दुरुस्त केलं.